पालम आणि इंदिरा गांधी विमानतळ एकच का? आणि दिल्लीचा विमानतळ मुंबईच्या पुढे कसा गेला?

हो, एकच. जागा तीच, धावपट्ट्याही त्याच. २ मे १९८६ रोजी नवं आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झालं आणि पालमचं नाव इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ झालं. तरी जुनं नाव पुरतं पुसलं गेलेलं नाही. त्याच आवारात हवाई दलाचा पालम तळ आहे. परदेशी पाहुणे 'पालमला उतरले' असं बातमीत येतं, तेव्हा त्यांचं विमान हवाई दलाच्या बाजूला जाऊन थांबलेलं असतं. उतरायची धावपट्टी मात्र तुमच्या-आमच्या विमानाचीच. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष जो चार अक्षरी संकेत वापरतात, त्या व्हीआयडीपीमधला शेवटचा 'पी'ही पालमचाच.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग असा, की विमान व्यवसायाची राजधानी वर्षानुवर्षं मुंबई असताना दिल्ली पहिल्या क्रमांकावर कशी गेली. याचं ठरलेलं उत्तर म्हणजे टी-३, ते चकचकीत मोठं टर्मिनल. मला ते अर्धवट वाटतं. टर्मिनल डोळ्यांत भरतं म्हणून श्रेय त्याला मिळतं. दिल्लीला मोठं केलं ते हाताशी असलेल्या जमिनीने, धावपट्ट्यांनी आणि वरच्या आकाशाला उशिरा का होईना लागलेल्या शिस्तीने. मी या क्षेत्रात नोकरी करत नाही, पण विमानांचा नाद जुना आहे आणि कामामुळे दिल्लीला येणं-जाणं असतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दिल्लीचा पहिला विमानतळ पालम नव्हे. तो सफदरजंग. लंडन ते कराची अशी टपाल आणि प्रवासी सेवा १९२९ च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि वर्ष संपता संपता ती दिल्लीपर्यंत आली. नव्या दिल्लीच्या दक्षिण कडेला, सफदरजंगच्या मकबऱ्याजवळ, जे मैदान तयार झालं त्याला व्हाइसरॉयच्या नावावरून विलिंग्डन एअरफील्ड म्हणत. टाटांची मुंबई-दिल्ली सेवा १९३७ मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबे घेत याच मैदानात येऊ लागली. आज तिथे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं राजीव गांधी भवन आहे. धावपट्टी शिल्लक आहे, पण तिच्यावरून प्रवासी विमानं उडत नाहीत. १९८० मध्ये संजय गांधींनी कसरतीच्या छोट्या विमानातून शेवटचं उड्डाण केलं ते इथूनच.

पालम हे शहरापासून लांबचं एक जुनं गाव. 'सल्तनत-ए-शाह आलम, अज दिल्ली ता पालम' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. बादशहाचं राज्य कुठवर, तर दिल्लीपासून पालमपर्यंत! महादजी शिंद्यांनी ज्याला पुन्हा दिल्लीच्या तख्तावर बसवलं, त्या दुसऱ्या शाह आलमशी ती सहसा जोडतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने या गावाजवळ तळ बांधला. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला. पुढे जेट विमानं आली, त्यांना लांब धावपट्टी लागायची आणि सफदरजंगला आजूबाजूला शहर वाढलेलं. म्हणून १९६२ मध्ये प्रवासी वाहतूक पालमला हलवली गेली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. हा विमानतळ कोणी कागदावर आखून बांधलेला नाही. लष्करी तळाच्या एका कडेला प्रवासी इमारत उभी राहिली, गरज पडली तशी दुसरी, मग तिसरी. गोधडीला ठिगळं जोडत जावीत तसा तो वाढला. टी-१ एका टोकाला आणि टी-२, टी-३ पार दुसऱ्या बाजूला, मध्ये धावपट्ट्या. एकातून दुसऱ्यात जायचं तर आवाराबाहेर पडून रस्त्याने वळसा घालायचा, असं का, हे कोडं पहिल्यांदा दिल्लीत विमान बदलणाऱ्या प्रत्येकाला पडतं. त्याचं उत्तर या वाढण्यात आहे. (तिकिटावर टर्मिनलचा आकडा नीट वाचा. मध्ये दोन तासच असतील आणि टर्मिनलं वेगळी असतील, तर घाम फुटतो.)

सत्तरच्या दशकात पालमचं नाव वाईट कारणांनी गाजलं. १४ जून १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान उतरण्याआधीच यमुनेकाठी कोसळलं. विमानातल्या ८७ पैकी ८२ जण आणि जमिनीवरचेही काही जण दगावले. भारताच्या चौकशीने वैमानिकांना दोष दिला. जपानचं म्हणणं होतं की उतरणीचा मार्ग दाखवणारा संकेतच चुकीचा मिळाला. वर्षभरातच, ३१ मे १९७३ ला, मद्रासहून आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धुळीच्या वादळात उतरताना विजेच्या तारांना धडकलं. ४८ जण गेले, त्यात केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम होते.

१९८६ चं टर्मिनल २ झालं ते ९५ कोटी रुपयांत. त्यानंतरची वीस वर्षं मी चटकन उरकतो, कारण इमारतींच्या बाबतीत सांगण्यासारखं फारसं नाही. पंखे, रांगा, मध्यरात्री एकदम उतरणारी पाच-सहा मोठी विमानं आणि सामानाच्या पट्ट्याभोवती उडालेली झुंबड. आखातातून परतणाऱ्या पिढीला ते चांगलं आठवत असेल.

आकाशात मात्र याच काळात या विमानतळाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा धडा मिळाला. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. सौदियाचं जम्बो जेट दिल्लीहून धाहरानला निघालं होतं. कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ दिल्लीकडे उतरत होतं. दोन्ही एकाच हवाई मार्गावर, समोरासमोर. कारण दिल्लीच्या आसपासचं बरंचसं आकाश हवाई दलासाठी राखीव होतं आणि नागरी विमानांना येण्याला नि जाण्याला मिळून एकच पट्टा सोडलेला होता. नियंत्रकाने सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं. मधल्या हजार फुटांवर सगळी भिस्त. समोरून विमान येतंय, हेही त्याने कझाक विमानाला कळवलं.

आता नियंत्रकाच्या पडद्यावर काय होतं ते पाहा. त्या वेळी दिल्लीकडे फक्त प्राथमिक रडार होतं. ते विमानावर लहर आपटवतं आणि परत आलेल्या लहरीवरून ठिपका दाखवतं. विमान कुठे आहे हे कळतं, किती उंचीवर आहे हे कळत नाही. उंची वैमानिक सांगेल ती खरी मानायची. कझाक विमान १५,००० ला न थांबता खाली येत राहिलं, तरी पडद्यावरचा ठिपका तसाच दिसणार होता. त्या विमानात नियंत्रण कक्षाशी बोलायचं काम वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होतं आणि उंचीचं भान शेवटच्या क्षणी आलं. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर ३४९ माणसं गेली. हवेत झालेल्या टकरींत इतकी मोठी दुसरी नाही.

न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीनंतर ज्या गोष्टी झाल्या, त्या माझ्या हिशेबाने कुठल्याही टर्मिनलपेक्षा मोठ्या आहेत. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले. दुय्यम रडार आलं, म्हणजे विमानातलं यंत्र स्वतःच आपली ओळख आणि उंची पाठवतं आणि ती ठिपक्याशेजारी आकड्यांत उमटते. आणि भारतीय हवाई हद्दीत येणाऱ्या प्रवासी विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. ती दोन विमानांना परस्पर सांगते, तू वर जा, तू खाली ये. एका पट्ट्यातून ये-जा करणारा विमानतळ आज रोज सुमारे दीड हजार उड्डाणं-अवतरणं पेलतोय, याचा पाया तिथे पडला. पुढे २०१९ मध्ये १०२ मीटर उंचीचा नवा नियंत्रण मनोराही उभा राहिला.

दिल्लीची दुसरी कसोटी म्हणजे धुकं. डिसेंबर-जानेवारीत रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमीन झपाट्याने गार होते आणि तिला टेकलेल्या हवेतली वाफ गोठल्यासारखी लोंबकळत राहते. धूर आणि धूळ तिला आणखी घट्ट करतात. साध्या उपकरणांवर उतरायला धावपट्टीवर ५५० मीटरपर्यंतचं दिसावं लागतं. दिल्लीत कॅट-३ बी दर्जाची यंत्रणा बसल्यापासून ५० मीटर दिसत असलं तरी विमान उतरू शकतं. खरं तर ते वैमानिक उतरवत नाही, विमान स्वतः उतरतं; वैमानिक हात तयार ठेवून पाहत असतो.

मग धुक्यात उड्डाणं रद्द का होतात, हा पुढचा प्रश्न ठरलेला. कारण साखळीतली तिन्ही टोकं तयार हवीत. धावपट्टी कॅट-३ ची, विमानही तसलं आणि दोन्ही वैमानिक त्याचं प्रशिक्षण घेतलेले. यातलं एक नसलं की विमान जयपूरला किंवा लखनौला वळतं. त्यातली गंमत बघा: उतरायला ५० मीटर पुरतात, पण उडायला साधारण १२५ मीटर लागतात, कारण उड्डाणाच्या वेळी चाकं धावपट्टीवर असेपर्यंत माणसालाच मधली रेघ बघत विमान सरळ ठेवायचं असतं. त्यामुळे दाट धुक्यात विमानं येत राहतात, जाऊ शकत नाहीत आणि उभं राहायच्या जागा भरत जातात. एकदा मी असाच पहाटे विमानात बसून होतो. खिडकीतून आपल्याच पंखाचं टोक दिसत नव्हतं आणि कुठूनतरी, अगदी जवळून, दुसरं विमान उतरल्याचा आवाज येत होता. शेजारचे गृहस्थ चिडून म्हणाले, 'ते उतरतंय तर आपल्याला काय धाड भरलीय?' त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही.

आता जमीन. दिल्लीचं आवार ५,१०० एकरांच्या घरात आहे. मुंबईचं सुमारे १,८५०, तेही चारी बाजूंनी वस्तीने वेढलेलं. मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालवता येते. दिल्लीत त्या शेजारी-शेजारी आहेत, छेद नाही. एकीवर विमान उतरत असताना दुसरीवरून उडू शकतं. मुंबईने एका धावपट्टीवर जे करून दाखवलं आहे ते जगात वाखाणलं जातं आणि ते कौतुक रास्तच आहे, पण कसरतीला मर्यादा असते. २००९ च्या सुमारास दिल्लीने मुंबईला मागे टाकलं. तेव्हा टी-३ सुरूही झालेलं नव्हतं. तिसरी धावपट्टी मात्र २००८ मध्येच सुरू झाली होती, ४,४३० मीटर लांब.

ही जमीन रिकामी पडलेली नव्हती, हेही सांगायला हवं. नांगल देवत नावाचं गाव त्या आवाराच्या पोटात होतं. त्याचं संपादन १९७२ मध्येच झालं, पण गाव उठलं ते थेट २००७ मध्ये. पस्तीस वर्षं लोक संपादित जमिनीवर, कोर्टकचेऱ्या करत, विमानांच्या आवाजात राहत होते. मग त्यांना रंगपुरीकडे हलवण्यात आलं. दोन पीरांच्या मजारी मात्र अजून धावपट्टीच्या परिसरात आहेत आणि गुरुवारी भाविकांना तपासणी करून बसने तिथे नेतात. आणि तिसऱ्या धावपट्टीच्या टोकापलीकडे, महामार्गालगत, शंकराची उंच मूर्ती आहे. त्या बाजूने येणाऱ्या विमानांच्या वाटेत ती आणि आणखी काही अडथळे येतात, म्हणून विमानांना धावपट्टीच्या सुरुवातीचा मोठा तुकडा सोडून पुढे टेकावं लागतं. एवढी लांब धावपट्टी बांधायची आणि उतरताना ती पूर्ण वापरता येऊ नये!

खासगीकरणाचा किस्सा मुंबईकरांनाही जवळचा आहे. दिल्ली आणि मुंबई दोन्ही विमानतळांच्या निविदा एकत्रच निघाल्या. मूल्यांकनावर वाद झाला, तेव्हा ई. श्रीधरन यांच्या समितीने फेरतपासणी केली आणि तांत्रिक कसोटीवर एकटी जीएमआर ही कंपनी टिकली. तिला दोन्हींपैकी एक निवडायला सांगितलं. तिने दिल्ली घेतली, पण अट होती सर्वांत मोठ्या आर्थिक बोलीची बरोबरी करण्याची. म्हणून महसुलातला ४५.९९ टक्के वाटा सरकारी विमानतळ प्राधिकरणाला द्यायचं तिने कबूल केलं. मुंबई जीव्हीकेकडे गेली, ३८.७ टक्क्यांवर. विमानतळ कर्मचाऱ्यांनी २००६ च्या फेब्रुवारीत संप केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण मे २००६ मध्ये ताबा बदलला. करार तीस वर्षांचा, वर आणखी तीस वर्षांची सोय. जवळपास निम्मा महसूल देऊन कंपनी कमावणार कुठून, तर हॉटेलं आणि कार्यालयं उभारायला मिळालेल्या जमिनीतून आणि प्रवाशांकडून. २००९ मध्ये देशांतर्गत प्रवाशाला २०० आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशाला १,३०० रुपये विकास शुल्क लागलं. जमिनीच्या आणि शुल्काच्या व्यवहारावर कॅगने २०१२ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले. त्याच जमिनीवरच्या एअरोसिटीतली हॉटेलांची रांग पाहताना मला तो अहवाल आठवतो.

टी-३ बद्दल एवढं बोललो, तर त्याचं देणंही देऊन टाकतो. ऑक्टोबर २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांपूर्वी ते उभं राहायलाच हवं होतं. ३७ महिन्यांत, एल अँड टीच्या हातून, सुमारे ५ लाख चौरस मीटरची इमारत झाली. ७८ एअरोब्रिज (इमारतीतून थेट विमानात नेणारे पूल), वर्षाला ३.४ कोटी प्रवाशांची क्षमता. ३ जुलै २०१० ला मनमोहन सिंगांनी उद्घाटन केलं. इमिग्रेशनच्या काउंटरवरच्या भिंतीतून बाहेर आलेल्या हस्तमुद्रा आणि त्यामागच्या तांब्याच्या थाळ्या तुम्ही फोटोत पाहिल्याच असतील. इतक्या घाईत झालेली सरकारी-खासगी इमारत एवढी नीट निघावी, हे मान्य करायला मला जड जात नाही. चालायला मात्र लागतं. शेवटच्या गेटवर जायचं असेल तर सरकत्या पट्ट्यांवरूनसुद्धा पंधरा मिनिटं हाताशी ठेवा.

विमानतळाची मेट्रो फेब्रुवारी २०११ मध्ये आली, जुलै २०१२ मध्ये दोष निघाल्याने बंद पडली, जानेवारी २०१३ मध्ये परत सुरू झाली आणि त्याच वर्षी खासगी कंपनीने हात वर केल्यावर दिल्ली मेट्रोने ती चालवायला घेतली. त्या करारावरचा खटला एप्रिल २०२४ पर्यंत चालला. प्रवाशाच्या दृष्टीने सांगायचं तर नवी दिल्ली स्टेशनवरून टी-३ ला जायला हिच्यासारखं दुसरं काही नाही. टॅक्सीचा विचारही करू नका.

गेल्या काही वर्षांतलं महत्त्वाचं काम पुन्हा जमिनीवरचंच आहे. जुलै २०२३ मध्ये चौथी धावपट्टी सुरू झाली. चार धावपट्ट्या असलेला देशात हा एकमेव विमानतळ. तिच्यासोबत पूर्वेकडचा उंचावरचा टॅक्सीवे आला, २.१ किलोमीटरचा. खालून रस्ता जातो आणि वरून विमानं पुलावरून सरकत जातात. त्याआधी तिसऱ्या धावपट्टीवर उतरलेल्या विमानाला टी-१ गाठायला सुमारे ९ किलोमीटर जमिनीवरून रांगावं लागे, आता २ किलोमीटरवर काम होतं. उतरल्यावर अर्धा तास विमान नुसतं फिरत राहायचं, ते यामुळे बरंच कमी झालं. २०२४ मध्ये ७ कोटी ७८ लाख प्रवासी इथून गेले आणि जगातल्या गर्दीच्या विमानतळांत दिल्ली नवव्या क्रमांकावर आली.

२८ जून २०२४ च्या पहाटे पावसात टी-१ च्या दारातलं छत कोसळलं आणि एका टॅक्सीचालकाचा जीव गेला, ते तुम्ही वाचलं असेल. 'मार्चमध्ये उद्घाटन आणि जूनमध्ये छत खाली' असं तेव्हा फिरलं. मार्चमध्ये उद्घाटन झालेला भाग वेगळा होता. पडलेला भाग २००९ मध्ये वापरात आला होता. म्हणजे बांधकाम जुनं, पण पंधराच वर्षांचं. छत पंधरा वर्षांत पडावं, याने कोणाचीच बाजू उजळ होत नाही, हे त्या राजकीय धुळवडीत बाजूला राहिलं.

राहता राहिला एक प्रश्न: एवढं सगळं असताना उत्तर प्रदेशातल्या जेवरला दुसरा विमानतळ कशाला? कारण या आवारात पाचवी धावपट्टी घालायला जागा सोपी नाही आणि आकाशात हवाई दलाचा वाटा अजून आहेच. शिवाय करारातच तरतूद होती, की १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ करायचा झाल्यास दिल्लीच्या कंपनीला बोलीत बरोबरी करण्याची संधी द्यायची. म्हणजे दुसरा लागणार, हे २००६ लाच गृहीत धरलेलं होतं. गाझियाबादजवळच्या हिंडन हवाई तळावरून २०१९ पासून काही प्रवासी विमानं उडतात. जेवरची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली आणि तो झुरिक विमानतळाच्या कंपनीकडे आहे. मुंबईने नवी मुंबईची वाट पाहण्यात जी वर्षं घालवली, ती पाहता दिल्लीने हे पाऊल वेळेत उचललं असं मला वाटतं. मात्र मध्य दिल्लीतून जेवर ७० किलोमीटरच्या पुढे आहे. तिथवर झटपट नेणारी रेल्वे लवकर झाली नाही, तर पश्चिम आणि दक्षिण दिल्लीची माणसं पालमलाच येत राहतील.